प्रोस्टेटची प्रक्रिया: मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न: वय ६६. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५८ ग्रॅम. चार वर्षं टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड या प्रोस्टेटच्या गोळ्या चालू आहेत, तरी रात्री चारदा उठतो. डॉक्टरांनी वाफेने वाढलेली ऊती मारणारी रेझूम किंवा क्लिपांनी ती बाजूला ओढून धरणारी युरोलिफ्ट सुचवली. पॉलिसी टीयूआरपीचा (मूत्रमार्गातून दुर्बिणीने प्रोस्टेट खरवडण्याची शस्त्रक्रिया) खर्च पूर्ण देते, या दोन्हींचा निम्माच. उरलेल्या रकमेसाठी आठ महिन्यांनी पिकणारी ठेव मोडू का?

उत्तर: ठेवीचं नंतर बघू. तुमची मुख्य तक्रार रात्रीची आहे, आणि तिचं कारण प्रोस्टेटच असेल असं नाही. तीन दिवस मोजपात्र वापरून वेळ आणि मिलिलिटर लिहून ठेवा. झोपण्याआधीची शेवटची लघवी रात्रीच्या हिशेबात धरू नका, सकाळची पहिली मात्र धरा. २४ तासांतल्या एकूण लघवीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग रात्रीचा निघाला, तर शरीर रात्री लघवी जास्त तयार करतंय. पायांवरची सूज, झोपेत श्वास अडणं, रात्रीचं जास्त पाणी अशी त्याची कारणं असतात. अशा वेळी कितीही महागडी प्रक्रिया केलीत तरी उठणं फारसं कमी होणार नाही. ही वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. यूरोफ्लो (लघवीच्या धारेचा वेग मोजणं) आणि लघवीनंतर मूत्राशयात किती उरते याची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.

प्रोस्टेटचा अडथळाच कारण ठरला, तर वरचे पैसे कशासाठी जाणार हे स्पष्ट असू द्या. टिकाऊपणासाठी ते नाहीत. मुख्य चाचण्यांत पाच वर्षांत युरोलिफ्टच्या १३.६ टक्के रुग्णांना पुन्हा प्रक्रिया लागली, रेझूमच्या ४.४ टक्के. शिवाय दोन्हींत दहा-अकरा टक्के लोक पुन्हा गोळ्यांवर आले. म्हणजे युरोलिफ्ट घेताना दुसऱ्या खर्चाची सातात एक शक्यता गृहीत धरा. धार सुधारण्यात आणि टिकण्यात टीयूआरपी किंवा होलेप लेझर (लेझरने प्रोस्टेटचा वाढलेला भाग सोडवून काढणं) सरस आहे.

तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः वीर्यस्खलन टिकवण्यासाठी. टीयूआरपीनंतर बहुतेक पुरुषांचं वीर्य उलटं मूत्राशयात जातं. ताठरता सहसा जात नाही. भूल हलकी लागते आणि मुक्काम वाचतो, हाही फायदा. हृदयाचा आजार असेल तर तोच सगळ्यात मोठा. यातलं काहीच तुम्हाला महत्त्वाचं नसेल, तर पॉलिसी पूर्ण पैसे देते ती शस्त्रक्रिया सोडून पदरचे पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

दोन्हींतही फरक आहे. युरोलिफ्टनंतर बऱ्याच जणांना लघवीची नळी लागत नाही आणि आराम लवकर पडतो, पण प्रोस्टेटचा मधला भाग (लोब) वाढला असेल तर काम अवघड होतं, आणि क्लिपा वाढल्या की बिल वाढतं. किती क्लिपांचा अंदाज धरलाय ते विचारा. रेझूममध्ये प्रत्येक टोचणीत नऊ सेकंद वाफ सोडतात. मग ऊती गळून जायला वेळ लागतो. काही दिवस नळी, काही आठवडे जळजळ, पूर्ण फायदा साधारण तीन महिन्यांनी. कामावर जात असाल तर बुडणारे दिवसही खर्चात लिहा.

पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरची शंका तपासणारी रक्तचाचणी) झालंय का? ड्युटास्टेराइड वर्षभर घेतल्यावर आकडा साधारण निम्मा होतो, म्हणून तो दुप्पट करून वाचतात. दुप्पट करून जास्त निघाला तर आधी एमआरआय, कदाचित बायॉप्सी. बहुतेक अंदाजपत्रकांत हा खर्च नसतो.

आता ठेव. लघवी पूर्ण अडणं, मूत्राशयात खडा, वारंवार संसर्ग, थांबत नसलेलं रक्त किंवा अडथळ्यामुळे वाढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) यांपैकी काहीही असेल तर आठ महिने थांबू नका, व्याजाचं नुकसान सोसा. मात्र अशा वेळी डॉक्टर टीयूआरपी किंवा लेझरकडेच वळण्याची शक्यता जास्त, आणि मग ठेव मोडायची वेळच येणार नाही. यातलं काही नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर ठेव पिकू द्या. मधेच करायचं ठरलं, तर मोडण्याआधी बँकेला ठेवीवरच्या ओव्हरड्राफ्टचं विचारा. व्याज ठेवीच्या दरापेक्षा थोडं जास्त, पण उचललेल्या रकमेवरच आणि तेवढ्याच महिन्यांचं. मुदतपूर्व मोडल्याचा दंड आणि घटलेला दर यांच्याशी ते ताडून पाहा.

आणि विमा कंपनीकडून पूर्वमंजुरी लेखी घ्या. त्यात प्रक्रियेचं नाव, क्लिपांची किंवा वाफेच्या उपकरणाची रक्कम आणि २४ तासांपेक्षा कमी मुक्काम चालतो का, या तिन्ही गोष्टी असायला हव्यात. ‘निम्मा खर्च देतो’ हे फोनवर सांगितलेलं असेल, तर ते धरून चालू नका.