युरोपियन युनियनसारखं आपल्या राज्यांना वेगळं डोमेन का नाही?

तुम्ही विचारलंय की वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी जर्मनीला डॉट डीई, फ्रान्सला डॉट एफआर, वर सगळ्यांना मिळून डॉट ईयू, मग भारत पण राज्यांचा संघच ना, महाराष्ट्राला स्वतःचं डोमेन का नाही, राज्य सार्वभौम नाही म्हणून का?

मी वाशीला वेबसाइट बनवायचं काम करतो आणि हेच मला तुर्भे मार्केटच्या एका काकांनी विचारलं होतं. "अरे टेम्पोवर एमएच ४३ आहे ना, मग वेबसाइटला पण डॉट एमएच लाव की." काका, डॉट एमएच आहे, पण ते मार्शल बेटांचं! तामिळनाडूचं टीएन ट्युनिशियाकडे आणि बिहारचं बीआर ब्राझीलकडे. आरटीओचे कोड आपले घरचे, बाहेर त्यांना कोण विचारतो.

दोन अक्षरी डोमेन येतात आयएसओ ३१६६ या देश-प्रदेशांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीतून. सुरुवातीला हे सगळं बघणाऱ्या जॉन पोस्टेलने १९९४ साली सरळ लिहून टाकलं की देश कोण आणि कोण नाही हे ठरवायचा धंदा आमचा नाही, म्हणून आयती यादी उचलली. आणि त्या यादीत यायला सार्वभौम असावं लागतं असं अजिबात नाही, ग्रीनलंड डेन्मार्कचं तरी त्याला डॉट जीएल, ओलांड बेटं फिनलंडची तरी डॉट एएक्स. स्कॉटलंडला मात्र दोन अक्षरं नाहीत, त्यांनी २०१४ मधे डॉट स्कॉट घेतलं. सोव्हिएत युनियनला डॉट एसयू मिळालं १९९० मधे, पुढच्याच वर्षी देश बुडाला आणि डोमेन अजून चालू आहे, आता बोला.

आता ईयूचं. तिथले देश आधीपासून सार्वभौम, करार करून आत आलेत, वाटलं तर बाहेर पडतात, ब्रिटन पडलंच की (आणि मग तिथल्या बऱ्याच लोकांची डॉट ईयू नावं गेली). आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे संसद राज्याची हद्द, नाव सगळं बदलू शकते, विधानसभेला मत विचारतात पण ते ऐकायलाच पाहिजे असं नाही. वर टेलिफोन, वायरलेस आणि तत्सम दळणवळण केंद्र सूचीत, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयांच्या यादीत, ३१ नंबरला. म्हणून डॉट इन निक्सीकडे, म्हणजे ते चालवणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेकडे, आणि आपलं राज्य शासन सुद्धा डॉट गव्ह डॉट इनच्याच छपराखाली.

पण माझ्या मते खरा प्रश्न अक्षरांचा नाहीच, रजिस्टर, म्हणजे नावांची नोंदवही, कोणाच्या हातात आहे त्याचा आहे. नवी मुंबईवाल्यांना हे पटकन कळेल, फ्लॅट तुमच्या नावावर पण जमीन सिडकोची लीजवर, विकायला गेलात की एनओसी आणा. स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताकडे कॅटलान भाषेसाठी डॉट कॅट हे डोमेन २००५ पासून आहे, चालवणारी संस्था बार्सिलोनातलीच, तरी २०१७ मधे स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या वेळी कोर्टाने सार्वमताच्या साइट बंद करायला सांगितल्या आणि स्पेनचे पोलीस त्या संस्थेच्या ऑफिसात घुसले. डोमेन स्वतःचं असून काय उपयोग झाला?

तरी हवंच असेल तर डॉट महाराष्ट्र असं पूर्ण नाव मागता येतं, अशा नावांसाठी अर्ज मागवले होते त्या २०१२ च्या फेरीत नुसत्या अर्जाची फी १,८५,००० डॉलर होती आणि राज्याचं नाव असेल तर सरकारची ना हरकत पण लागते. देवनागरी पाहिजे असेल तर डॉट भारत २०१४ पासून आहेच, मी दोनतीन जणांना घेऊन दिलंय, पण ईमेलला कटकट होते.

काकांनी शेवटी डॉट इन घेतलं. टेम्पोच्या मागे रंगवलंय, एमएच ४३ च्या बरोबर खाली.