जुन्या इमारतीला हात लावण्याआधी

शहरातल्या जुन्या इमारतींचं नूतनीकरण आणि नवं बांधकाम, दोन्ही करणाऱ्या ऑफिसात रुजू झाली आहेस, तर सुरुवात जुन्यापासून कर. माझा आग्रहच आहे तसा.

मूळ नकाशांवर विसंबू नकोस. मापं स्वतः घे, कर्णही मोज. जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात. काँक्रीट असेल तर ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन, म्हणजे अल्कता असेल तिथे गुलाबी होणारं रसायन, फवारून बघ. गुलाबी झालं, तर काँक्रीटची अल्कता शाबूत आहे. रंग आलाच नाही, तर तिथवर कार्बोनेशन पोचलंय, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कता संपवलीय. ती बिनरंगी पट्टी सळईला भिडली असेल, तर सळईचं गंजापासूनचं संरक्षण गेलं. मग वरून नुसतं प्लास्टर करून काही साधत नाही. आणि चुन्यातल्या भिंतीला कुणी सिमेंटचा गिलावा सुचवला, तर ठाम नकार दे. ओल आत कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात.

क्लायंट ‘पाडूनच टाकू’ म्हणाला, तर त्याला लाकातों आणि वासाल या फ्रेंच वास्तुरचनाकारांचं बोर्दोमधलं काम दाखव. वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार २०२१मध्ये त्यांनाच मिळाला. तिथे ५३० घरांना बाहेरून हिवाळी बागा (पारदर्शक, बंदिस्त व्हरांडे) आणि बाल्कन्या जोडल्या, तेही रहिवाशांना न हलवता. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

नव्या बांधकामाबद्दल आत्ता एवढंच: शेजारच्या इमारतीचा पाया किती खोल आहे, हे कळल्याशिवाय तळघराचं ड्रॉइंग पुढे पाठवू नकोस.