कोल्हापूरचा फुटबॉल बघायला सुरुवात करतोयस, तर

पहिलं म्हणजे, पेठेवरून संघ निवडायची घाई करू नकोस. शिवाजी पेठेत राहतोस म्हणून शिवाजी तरुण मंडळ किंवा खंडोबा, मंगळवार पेठेत आजोळ म्हणून पाटाकडील किंवा बालगोपाल, असं बहुतेकांचं ठरलेलंच असतं. पण आधी शाहू स्टेडियमवर चार-पाच सामने त्रयस्थ म्हणून बघ. कोण पास देऊन खेळतं, कोण नुसता लांब चेंडू मारतं, हे डोळ्यांना कळायला लागेल.

केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, साखळी स्पर्धा मन लावून बघ. बाद फेरीच्या स्पर्धांना गर्दी जास्त, बक्षिसं मोठी, म्हणून नवखे तिकडेच धावतात. पण बाद फेरीत एखादा टायब्रेकर सगळं उलटवतो. संघाची खरी ताकद साखळीतच दिसते, मधल्या फळीतला एक खेळाडू जखमी झाला की राखीव पोरगा काय करतो, तिथंच कळतं.

दोन सामने हरले की प्रशिक्षक बदला म्हणून ओरडू नकोस. आपल्या तालमी, म्हणजे हे पेठांचे संघ, देणग्यांवर आणि कार्यकर्त्यांच्या कष्टांवर चालतात. परदेशी खेळाडू आणायला पैसे उभे करतात, तेव्हा इथल्याच पोरांना खेळायला किती वेळ मिळतो, हे विचार. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तोही कोल्हापूरचाच.

आणि गॅलरीत दुसऱ्या पेठेला शिव्या घालणाऱ्यांच्या शेजारी बसू नकोस. हुल्लडबाजीनं स्पर्धा थांबतात, नुकसान खेळाडूंचं होतं. दिलबहार संघानं गोल चांगला मारला तर टाळी दे, तुझा संघ कुठलाही असो.