वाचकांचे प्रश्न: डिस्क गोल्फची पहिली डिस्क

प्रश्न : मी रेणापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सुट्टीत आलेल्या भाच्यानं लेकरांना डिस्क गोल्फ (फ्रिस्बीसारखी तबकडी कमीत कमी फेकींत लक्ष्यापर्यंत न्यायचा खेळ) दाखवला, तेव्हापासून शाळेमागच्या गायरानात रोज हाच खेळ चालतो. डिस्क मात्र एकच, तीही भाच्याची. ऑनलाइन बघितलं तर शेकडो डिस्क आणि प्रत्येकीवर चार आकडे. विक्रेता म्हणतो, सगळ्यांत लांब जाणारी ड्रायव्हर घ्या. वर्गणीचे पैसे थोडेच आहेत. काय घेऊ?
– एक शिक्षिका, जि. लातूर

उत्तर : ताई, ड्रायव्हर अजिबात घेऊ नका. आहे त्या पैशांत जमतील तेवढ्या पटर, म्हणजे जवळच्या फेकीच्या संथ डिस्क, घ्या, पाचवी-सहावीच्या लेकरांसाठी हलक्या वजनाच्या. उरले तर एक मिडरेंज, म्हणजे पटर आणि ड्रायव्हरच्या मधली. हे वर्ष तेवढ्यावर मजेत निघतं.

ते चार आकडे नीट समजले की विक्रेत्याला विचारायची गरज उरत नाही. पहिला वेग. हा आकडा जेवढा मोठा, तेवढी ती डिस्क जोरात फेकावी लागते, तरच ती ठरल्यासारखी उडते. दुसरा ग्लाइड, म्हणजे हवेत किती तरंगते. तिसरा टर्न : डिस्क वेगात असताना उजवीकडे किती झुकते, इथे वजा आकडा जेवढा मोठा, तेवढी जास्त झुकते. चौथा फेड : वेग सरत आला की डावीकडे किती वळते. उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीसाठी, म्हणजे हात छातीवरून आडवा ओढून केलेल्या फेकीसाठी, हे आकडे लावलेले असतात. आता इनोव्हाची एव्हिआर ही पटर बघा : २, ३, ०, १. त्याच कंपनीची डिस्ट्रॉयर ही ड्रायव्हर : १२, ५, वजा १, ३. बाराचा वेग लेकराच्या हातात नसतो, मोठ्या माणसालाही तो सरावानंच येतो. वेग नाही म्हणून टर्न मिळत नाही, राहतो तो फेड.

परभणीत आमच्या मैदानावर आठवीतला एक पोरगा होता. क्रिकेटमध्ये सीमेवरून थेट यष्टीवर चेंडू आणायचा, एवढा दांडगा हात. त्याच्या हातात कुणीतरी ड्रायव्हर दिली. डिस्क सुटताना पुढचा काठ वर, थरथरत चढली, क्षणभर अडकल्यासारखी थांबली आणि डावीकडे वेड्या बाभळीत जाऊन पडली. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी मी त्याला पटर दिली. चार बोटं काठाच्या आत, अंगठा वर, डिस्क छातीजवळून सरळ रेषेत ओढायची, पुढचा काठ उचलू द्यायचा नाही. पटर लिंबाच्या झाडापर्यंत सरळ गेली. पोरगं माझ्याकडे बघून नुसतं हसलं. हातात काय चुकतंय ते पटर लगेच दाखवते आणि सुधारलं की लगेच बक्षीसही देते. म्हणून माझा एवढा आग्रह.

मिडरेंज घेतलीत तर डिस्क्राफ्टची बझ चांगली : ५, ४, वजा १, १. सरळ जाते, शेवटी थोडीच वळते.

वजनाचं : नियमानं व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही, म्हणून साधारण २१ सेंटिमीटरच्या डिस्क १७५ ग्रॅमच्या आसपास थांबतात. लहानांना १५० किंवा त्याहून कमी द्या. फक्त एक ध्यानात ठेवा, हलकी डिस्क वाऱ्यात लवकर भरकटते. मृगाआधीचा वारा सुटला की पाठीवर वारा घेऊनच फेकायला लावा.

प्लास्टिक साधंच घ्या, म्हणजे इनोव्हाचं डीएक्स किंवा त्याच्या तोडीचं. महागडं प्लास्टिक जास्त टिकतं हे खरं, पण साध्याची पकड चांगली आणि त्या पैशांत जास्त लेकरांच्या हाती डिस्क येते. मुरमावर घासून काठ खरखरीत झाला तर बारीक पॉलिशपेपर फिरवा. रंग गुलाबी किंवा निळा. हिरवी डिस्क सोयाबीनमध्ये आणि पिवळी उन्हाळ्यातल्या वाळल्या गवतात सापडत नाही. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, वाकते.

या खेळात लक्ष्य म्हणून साखळ्यांची टोपली असते, तिच्यावर आत्ताच खर्च नको. या खेळाचे जनक मानले जाणारे एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिलं कायमचं मैदान आखलं, तेव्हा तिथं टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. तुम्ही लिंबाच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा मारा. पुढं गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून सायकलच्या जुन्या रिमला साखळ्या लटकवून घ्या, खाली लोखंडी टोपली, तिचा काठ जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटरवर. साखळ्या सैल हव्यात, म्हणजे त्या डिस्कचा जोर पितात आणि ती खाली टोपलीत पडते. ताणल्या तर डिस्क उडून बाहेर येते.

आणि ताई, गायरानात शेळ्या असतात, त्यामागं लहान पोरं. समोर कुणी असलं की फेकायचं नाही, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. पटरचा काठ बोथट असला तरी डोळ्याला लागली तर खेळ कायमचा बंद होईल.

प्रश्न : मी डावखुरा आहे. वेगळी डिस्क मागवावी लागेल का?
– एक वाचक, जालना

उत्तर : नाही. डिस्क तीच, आकडे तेच, फक्त दिशा उलट. तुमची बॅकहँड शेवटी उजवीकडे वळणार. जिथं तसं वळण लागतं तिथं उजव्या हातवाल्यांना फोरहँड, म्हणजे हात बाजूनं पुढं आणून, फेकावी लागते. तुम्हाला तिथं बॅकहँडनंच जमेल.

प्रश्न : कॉलेजात अल्टिमेटची (फ्रिस्बीच्या सांघिक खेळाची) १७५ ग्रॅमची फ्रिस्बी पडून आहे. तिच्यावर शिकलं तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : चालेल, खुशाल सुरू करा. मनगटानं फिरकी देणं आणि डिस्क सपाट सोडणं तिच्यावर उत्तम शिकता येतं. मात्र तिचा व्यास सुमारे २७ सेंटिमीटर, त्यामुळं गोल्फच्या डिस्कची पकड हातात बसत नाही. हात बसला की एक पटर घ्या. आणि फ्रिस्बी झेलायची सवय असेल, तर गोल्फची ड्रायव्हर मात्र झेलू नका, तिचा काठ बोटं फोडतो.