चर्चची शाळा की कौन्सिलची? मिरजेहून लेस्टरला येणाऱ्या भाचीला

प्रिय बाळ, सलाम.

तुझ्या आईचा फोन आला तेव्हाच वाटलं होतं की मागोमाग तुझा मेसेज येणार. लेस्टरच्या हॉस्पिटलची नोकरी पक्की झाली, फार आनंद वाटला. आता घरात वाद आहे तो मुलांच्या शाळेचा. जावईबापूंना चर्चचीच शाळा हवी, कारण ते मिशनच्या शाळेत शिकले आणि त्या शाळेनं आपल्याला घडवलं असं ते मानतात. तुला वाटतं, चार जातीधर्मांच्या मुलांत मिसळायला साधी सरकारी शाळा बरी. पण तिथं पोरं प्रभूपासून लांब जातील अशी धाकधूकही आहे. लेक नऊ वर्षांची, धाकटा येत्या नोव्हेंबरात चार पूर्ण करणार. 'मावशी, तू काय केलंस?' असं विचारलंयस. मी दोन्ही केलं, मुलाचं एक आणि मुलीचं एक. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शब्दांचा घोळ काढून टाक. आपल्याकडे सांगलीत 'कॉन्व्हेंट' म्हटलं की इंग्रजी, शिस्त आणि फी. 'पब्लिक स्कूल' अशी पाटी तर खाजगी शाळेवरच असते. इंग्लंडमध्येही 'पब्लिक स्कूल' म्हणजे लाखो रुपये फीची खाजगी शाळाच. तुला हवी ती 'स्टेट स्कूल'. आणि इथली गंमत अशी की चर्चच्या बहुतेक शाळासुद्धा स्टेट स्कूलच आहेत. पगार, वीज, पुस्तकं, सगळं सरकारी पैशातून. फी नाही. व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट असली तरी मुलांची शाळा त्या अटीत येत नाही, त्यामुळे ती भीती नको.

हे असं का, तर इथंही आपल्या मिरजेसारखंच घडलं. मिशनच्या डॉ. वानलेसांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना सुरू केला तेव्हा गरिबांकडे बघायला दुसरं कोण होतं? इथं चर्चच्या माणसांनी १८११ साली संस्था काढून गरिबांच्या पोरांसाठी शाळा सुरू केल्या. सरकारनं त्यात मनापासून हात घातला तो १८७० च्या कायद्यानंतर. १९४४ च्या कायद्यानं चर्चच्या शाळा सरकारी व्यवस्थेत बसवल्या. आज चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांवर शाळा आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी खेड्यातल्या एकुलत्या एक प्राथमिक शाळा आहेत. तिथं सगळीच मुलं जातात, कुणी धर्म विचारत नाही.

धर्म विचारला जातो तो अर्ज जागांपेक्षा जास्त झाले तर, तेही सगळीकडे नाही. 'व्हॉलंटरी कंट्रोल्ड' प्रकारच्या चर्चशाळेचे प्रवेशाचे नियम कौन्सिल, म्हणजे इथली महापालिका, ठरवतं. 'व्हॉलंटरी एडेड' प्रकारच्या चर्चशाळेचे नियम तिचं स्वतःचं मंडळ ठरवतं, आणि तिथं चर्चला येणाऱ्या कुटुंबांना आधी जागा देता येते. आता पुष्कळ शाळा अकॅडमी झाल्यात, म्हणजे कौन्सिलऐवजी ट्रस्टच्या हाती गेल्यात, म्हणून पाटीवरून अंदाज करू नकोस. प्रत्येक शाळेची प्रवेशाची नियमावली तिच्या वेबसाइटवर असते, ती वाच. मुलाखत घ्यायला मनाई आहे, डोनेशन मागायलाही मनाई आहे. सांगलीत धाकट्याच्या नर्सरीसाठी तू जे सोसलंस ते इथं नाही.

आता माझी गोष्ट.

मी २००३ साली आले. मुलाची शाळेची वेळ आली तेव्हा आमच्या भागात एका एडेड शाळेचं फार नाव होतं. तिचा एक जादा फॉर्म असायचा, त्यावर पाळकाची सही लागायची, की हे कुटुंब दोन वर्षं महिन्यातून किमान दोनदा उपासनेला येतं. तोवर आम्ही दुसऱ्याच चर्चला जायचो, जिथं चार भारतीय घरं होती आणि भक्तीनंतर चहा व्हायचा. ते सोडलं आणि या चर्चला जायला लागलो. मागच्या बाकाजवळ एक वही असायची, आलेल्यांनी नाव लिहायचं. रविवारची ड्युटी असली की मी कुणाकुणाला विनवून शिफ्ट बदलून घ्यायची, पण वहीत नाव चुकू द्यायची नाही. एका रविवारी आत शिरलो, मी नाव लिहिलं, आणि पोरानं माझा पदर ओढून विचारलं, 'आई, लिहिलंस ना? मग आता घरी जायचं?'

मला आजही तो प्रसंग आठवला की वाईट वाटतं. चार वर्षांच्या पोराला कळलं होतं की आपण देवासाठी नाही, वहीसाठी येतो. दोन वर्षं भरलीही नाहीत, जागा मिळाली नाही, आणि मिळाली नाही तेच बरं झालं.

मुलगा घराजवळच्या कौन्सिलच्या शाळेत गेला. पाच मिनिटांची वाट. वर्गात गुजराती, पाकिस्तानी, पोलिश, सोमाली मुलं. मला वाटायचं, इथं प्रभूचं नाव कोण घेणार? पण धर्मशिक्षण हा विषय इथं सगळ्या सरकारी शाळांत असतो, त्यात सगळेच धर्म शिकवतात. शिवाय १९८८ च्या कायद्याप्रमाणे रोजची सामूहिक उपासना मुख्यतः ख्रिस्ती वळणाची असावी असं आहे. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत ती नुसती असेंब्लीच असते, हे खरं. पण तिसरीच्या वर्गात बाप्तिस्म्याचा धडा आला तेव्हा बाईंनी विचारलं, कुणाचा झालाय? हात वर करणारा हा एकटाच. घरी येऊन म्हणाला, फोटो दे. मिरजेच्या चर्चमधला फोटो: पांढरं झबलं, माझ्या सासूबाईंच्या मांडीवर हा, शेजारी पाळकसाहेब. तो घेऊन गेला आणि वर्गापुढं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' मराठीतून म्हणून दाखवलं. मग एका मुलानं विचारलं, 'तू गोरा नाहीस, मग ख्रिश्चन कसा?' त्याला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसून आपल्या पणजोबांपर्यंत गेलो. पोराला आपलं घराणं त्या प्रश्नामुळं कळलं.

मुलीच्या वेळी आम्ही घराजवळच्या चर्चमध्ये खरोखर रुळलो होतो, दृढीकरणाच्या वर्गाला मी मदत करायची. त्याच चर्चच्या मंडळीची शाळा होती, मुलगी तिथं गेली. शाळा प्रेमळ. कापणीच्या सणाला मुलं गरिबांसाठी डबाबंद अन्न आणायची, नाताळात येशूजन्माचं नाटक व्हायचं. वर्गातली निम्मी मुलं मुसलमान, आणि ती मेंढपाळ होऊन आनंदानं गाणी म्हणायची. पण याच शाळेत एकदा बाईंनी तिला सांगितलं, तू भारतातली ना, मग दिवाळीवर बोल. तिनं येऊन विचारलं, 'मी ख्रिस्ती आहे हे त्यांना माहीत नाही का?' शाळा चर्चची असली म्हणून आपलं मराठी ख्रिस्तीपण तिला आपोआप कळतं असं नाही. ते आपल्यालाच जपावं लागतं, कुठल्याही शाळेत.

म्हणून जावईबापूंना माझा निरोप दे: मिशनच्या शाळेनं तुम्हाला घडवलं, पण संध्याकाळची प्रार्थना तुमच्या आईनं घेतली. ती कुठल्या शाळेवर सोपवू नका.

आता तुमच्या दोघा मुलांचं वेगवेगळं बघ. ३१ ऑगस्टला नऊ पूर्ण असलेलं मूल इथं 'इयर फाइव्ह'मध्ये बसतं, म्हणजे लेक तिथं. वर्ष सुरू झाल्यावर येणार असाल तर कौन्सिलकडे मधल्या वर्षाचा अर्ज करायचा, पत्त्याचा पुरावा लागतो. नावाजलेल्या चर्चशाळेत तेव्हा जागा मिळणं कठीण. प्रतीक्षायादीत नाव लाव, पण ती यादी आधी आला त्याला आधी अशी चालत नाही, नियमावलीतल्या क्रमानं चालते. आज तुमचा नंबर दुसरा असेल तर उद्या पाचवा होऊ शकतो. त्या आशेवर पोरीला घरी बसवू नकोस. जवळच्या ज्या शाळेत जागा असेल तिथं घाल, तिला पहिल्या महिन्यात हवी ती मैत्रीण. माध्यमिकसाठी 'इयर सिक्स'मध्ये ३१ ऑक्टोबरपर्यंत अर्ज, त्याचं उत्तर १ मार्चला.

धाकट्याला मात्र वेळ आहे. तो चार पूर्ण झाल्यानंतरच्या सप्टेंबरात 'रिसेप्शन'ला, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गाला, जाईल. अर्ज १५ जानेवारीपर्यंत, उत्तर १६ एप्रिलला. किमान तीन पर्याय भरता येतात आणि पहिल्या क्रमांकावर चर्चची शाळा लिहिली म्हणून दुसऱ्या शाळेतली जागा जात नाही, तेव्हा एकच नाव लिहून बसू नकोस. लहान वर्गांत तीसच्या वर मुलं घेत नाहीत, त्यामुळे अपिलात सहसा हाती काही लागत नाही. प्रत्येक शाळा आधी जाऊन बघ. भिंतीवर काय लावलंय त्यापेक्षा सुटीत मुलं एकमेकांशी कशी वागतात ते बघ. आणि ज्या मंडळीत तुम्ही नाहीतरी गेला असतात तिचीच शाळा असेल तर जरूर वरती लिही. शाळेसाठी मंडळी बदलू नकोस.

कॅथलिक शाळांचं वेगळं. तिथं जागा कमी असल्या तर कॅथलिक बाप्तिस्म्याचा दाखला असलेल्यांना आधी घेतात, आपण खालच्या गटात येतो. लैंगिक शिक्षणाचं तू विचारलंस: नातेसंबंधांचा विषय २०२० पासून प्राथमिकलाही सक्तीचा आहे, चर्चच्या शाळेतही. त्यासाठी शाळा निवडण्यात अर्थ नाही. लेकीशी तूच आधी बोल, तू नर्स आहेस.

निघण्याआधी पाळकसाहेबांकडे जा. दोघांच्या बाप्तिस्म्याचे मूळ दाखले घे, झेरॉक्स नको. शिवाय लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र: कुटुंब किती वर्षं मंडळीत आहे, किती नियमित येतं. पुष्कळ शाळा आधीच्या चर्चचं पत्र धरतात. त्यात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, कोल्हापूर डायोसिस' असं पूर्ण लिहायला सांग, आणि हे चर्च अँग्लिकन कम्युनियनचं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या जगभरच्या कुटुंबाचं, सदस्य आहे हेही. इथल्या पाळकांना ते नेहमी माहीत असतंच असं नाही. आपले आजोबा प्रेस्बिटेरियन पंथाचे होते, १९७० साली असे अनेक पंथ एक होऊन हे चर्च झालं, हा इतिहास त्यांना तोंडी सांगत बसावं लागू नये.

आणि दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी ताडून बघ. माझ्या मुलीच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं आणि ते दुरुस्त करायला मला मिरजेला तीन फोन आणि दोन महिने लागले. तुझ्या लेकीच्या नावात 'ए' एक आहे की दोन, ते आजच बघ.

तुझी मावशी