वाचक विचारतात : एकही पोल नाही, तरी चॅम्पियन?

मागच्या अंकात २०२० च्या फॉर्म्युला थ्री हंगामाचा (फॉर्म्युला वनच्या दोन पायऱ्या खालच्या मोटार शर्यतींचा) मी जाता जाता उल्लेख केला, आणि टेबलावर पत्रांचा ढीग पडला. त्यातली काही निवडून घेतली आहेत. दोन पत्रांत नुसत्या शिव्या होत्या, ती बाजूला ठेवली.

प्रश्न : मी बँकेत आहे, आकड्यांशीच गाठ असते. त्या हंगामात ऑस्कर पियास्त्रीने एकदाही पोल, म्हणजे सगळ्यांच्या पुढून सुटायची जागा, घेतला नाही आणि १८ पैकी फक्त दोन शर्यती जिंकल्या. फ्रेडरिक वेस्टी आणि लियाम लॉसन यांनी तीन-तीन जिंकल्या, तरी ते चौथे आणि पाचवे. हा कसला चॅम्पियन? नशिबाचा खेळ म्हणायचा का?

पत्राचा सूर पाहून तुम्ही वेस्टीच्या मामाकडचे असाल असं वाटलं. पण आकडे बरोबर आहेत. पियास्त्री १६४, तेओ पुर्शेर १६१, लोगन सार्जंट १६०. अठरा शर्यती होऊन पहिल्या तिघांत चार गुणांचं अंतर. पोल मिळवणाऱ्याला तेव्हा चार गुण मिळत, म्हणजे पहिला आणि तिसरा यांच्यात नेमका एका पोलचा फरक. आणि तो पोल पियास्त्रीने एकदाही घेतलेला नाही! तुम्हाला टोचतंय ते हेच, आणि मला हा हंगाम आवडतो तोही याचसाठी.

आधी शनिवार-रविवारचं गणित सांगतो, त्याशिवाय पुढचं उलगडणार नाही. तेव्हा प्रत्येक ठिकाणी दोन शर्यती होत. शनिवारची मोठी, जिंकणाऱ्याला २५ गुण. रविवारची लहान, जिंकणाऱ्याला १५. शनिवारी पहिले दहा आलेले रविवारी उलट्या क्रमाने उभे राहत : दहावा सगळ्यांच्या पुढे, पहिला दहाव्या जागेवर. आणि अकरावा? तो अकरावाच. त्याला शनिवारचे गुणही नाहीत आणि रविवारची पुढची जागाही नाही. तेव्हा या वर्गात अकराव्यासारखी वाईट जागा नव्हती, कारण एकच गाडी मागे टाकली असती तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पुढून सुटता आलं असतं, हे रात्रभर डोक्यात घोळत राहायचं.

शेवटचा मुक्काम इटलीतलं मुजेल्लो, आणि तिथे शनिवारी पियास्त्री आला अकरावा. सार्जंटने गुण मिळवून बरोबरी साधली. दोघांचे १६०, पुर्शेरचे १५१, आणि शिल्लक एकच शर्यत.

१३ सप्टेंबरची ती शर्यत मी वही घेऊन पाहिली. सवयच आहे, पन्नास पानी वहीत प्रत्येक लॅपला एक ओळ. सार्जंट पाचव्या जागेवरून सुटणार, पियास्त्री अकराव्या. माझ्याबरोबर भाचा बसला होता. तो सार्जंटच्या बाजूचा, म्हणून पैजेपुरता मी पियास्त्रीचा. पहिल्या लॅपची ओळ लिहायला पेन टेकवलं आणि सार्जंटची गाडी लिरिम झेंडेलीच्या गाडीला लागली. दोघंही बाहेर. सार्जंटचे १६० तिथेच गोठले. भाचा उठून आत निघून गेला.

तुम्ही म्हणाल, बघा, नशीबच. थांबा. सार्जंट गेला म्हणून पियास्त्री चॅम्पियन झाला असं नाही, पुर्शेर अजून शर्यतीत होता आणि पुढे होता. पियास्त्रीला एकही गुण मिळाला नसता, तर पुर्शेरला तिसरा क्रमांकही पुरला असता : १५१ आणि १० मिळून १६१. आणि तो तिसराच आला! मधल्या वेळात पियास्त्री अकराव्यावरून सातव्यापर्यंत चढला आणि चार गुण घेऊन गेला. त्या चढण्यात टाळ्या घ्याव्यात असं काही नव्हतं. समोरच्याचं ब्रेकिंग चुकलं की आत शिरायचं, धोका दिसला की सोडून द्यायचं. माझ्या वहीत अशा लॅपसमोर 'प., १ जागा' एवढंच आहे. पुर्शेर दुसरा आला असता तरी १६३, म्हणजे एक गुण कमीच. जिंकला असता तर १६६ आणि चषक त्याचा. पण जिंकला लॉसन.

म्हणजे तुमचा लॉसन शेवटची शर्यत जिंकून पाचवा राहिला, आणि सातवा आलेला चॅम्पियन झाला. वेस्टीने मुजेल्लोतच शनिवारी बाजी मारली होती. पण त्याच्या आणि लॉसनच्या तक्त्यात मधली पानं कोरी आहेत. एक विजय साजरा करायचा आणि पुढचे दोन-तीन दिवस शून्य घेऊन घरी जायचं, असं अठरा शर्यतींत परवडत नाही. पियास्त्रीचे दोन विजयही पाहा. एक हंगामाच्या पहिल्याच दिवशी, ऑस्ट्रियात, तिसऱ्या जागेवरून सुटून. दुसरा बार्सिलोनाला, रविवारी. बाकी सगळी वसुली. इटलीतल्याच मोन्झाला शनिवारी तो बराच मागून सुटला आणि तिसरा आला. मागच्या पंखाची ती उघडझाप करणारी फळी, म्हणजे डीआरएस, तिने त्याला त्या वर्षी एकदा नाही, अनेकदा दगा दिला. सरळ रस्त्यावर ती उघडली की हवेचा अडथळा कमी होतो आणि वेग वाढतो. क्वालिफायिंगला, म्हणजे सुटण्याच्या जागा ठरवणाऱ्या फेरीत, ती उघडलीच नाही तर पोल कुठून आणणार? तुम्ही बँकेत आहात, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगतो : त्याची मोठी ठेव नव्हती, पण एकही हप्ता त्याने सहजासहजी चुकवला नाही.

प्रश्न : वेस्टीचे गुण १४६.५ छापले आहेत. अर्धा गुण कसा? छपाईची चूक का?

चूक नाही. ऑस्ट्रियातल्या दुसऱ्या आठवड्यात शनिवारची शर्यत पावसामुळे मध्येच थांबवावी लागली. ठरलेल्या अंतराच्या तीन चतुर्थांश धाव झाली नाही तर तेव्हा गुण निम्मे होत. ती शर्यत वेस्टीनेच जिंकली होती, म्हणून त्याला २५ ऐवजी साडेबारा मिळाले.

प्रश्न : सगळ्यांना डालाराचीच चासी (गाडीचा सांगाडा), मेकाक्रोमचंच इंजिन, पिरेलीचेच टायर. मग प्रेमा हा संघच का जिंकतो? २०१९ ला पहिले तिन्ही ड्रायव्हर त्यांचे, २०२० ला पहिला, तिसरा आणि चौथा. आतून काही वेगळं करतात का?

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याचं पत्र आहे, म्हणून हातचं राखत नाही. इंजिन ३.४ लिटरचं व्ही-सिक्स, ताकद साधारण ३८० हॉर्सपॉवर, आणि ते उघडायची संघांना मुभा नाही. मग उरतं काय? गाडीची उंची, स्प्रिंगा, पंखांचे कोन, चाकांचा कल. आणि टायरमधली हवा. मला विचाराल तर निम्मा खेळ या शेवटच्या गोष्टीत आहे.

ऐकायला क्षुल्लक वाटतं, म्हणून माझीच फजिती सांगतो. तरुणपणी एका संघात दोन हंगाम मी टायरवर होतो. कोणता संघ ते राहू द्या. काम एवढंच : सकाळी प्रेशर मोजायचं, लिहायचं, सारखं करायचं. एके दिवशी डाव्या बाजूचे दोन टायर पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात राहिले आणि उजवे सावलीत. गेज लावला तर डाव्यांत दीड पीएसआय जास्त. मी शहाणपणा केला, हवा सोडली आणि चारही सारखे केले. वहीत टिकमार्क. गाडी निघाली, उजवे टायर तापले, फुगले आणि बरोबर कामाच्या आकड्यावर आले. डावे मात्र त्या आकड्याला शेवटपर्यंत पोचलेच नाहीत, कारण जी हवा मी जास्तीची समजलो ती नुसती उन्हाची ऊब होती. ड्रायव्हर आत आला आणि म्हणाला, "उजव्या वळणांवर गाडी चिखलात चालल्यासारखी वाटतेय." इंजिनियरने तासभर स्प्रिंगा तपासल्या. मी गप्प होतो. आज पहिल्यांदा छापून कबूल करतो आहे.

फॉर्म्युला थ्रीत टायर तापवायची ब्लँकेटं वापरता येत नाहीत, म्हणून हे आणखी महत्त्वाचं. टायर थंडच निघतात. बाहेर पडल्यावर ड्रायव्हरने ते किती लॅपमध्ये कामाच्या तापमानावर आणायचे, पुढचे आणि मागचे एकाच वेळी कसे तयार होतील, हे सगळं त्या सकाळच्या आकड्यावर अवलंबून. अर्ध्या तासाचं क्वालिफायिंग, तीस गाड्या एकदम रस्त्यावर, आणि टायर अगदी ताजा असतो तो एखाद-दुसऱ्या लॅपपुरताच. तो लॅप नेमका मोकळ्या रस्त्यावर पडला पाहिजे. मोन्झाला तर उलटंच, तिथे मोकळा रस्ता कोणालाच नको असतो. पुढच्या गाडीच्या आडोशाला राहून वेग उचलायचा म्हणून सगळे हळू होतात, 'आधी तू, आधी तू' करत बसतात, आणि मग पंच दंड वाटतात.

प्रेमाकडे जादू नाही. त्यांच्याकडे अशा सकाळींच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत, आणि चांगला संघ म्हणून चांगले ड्रायव्हर आपणहून तिथे जातात. सार्जंटचंच पाहा. २०१९ ला दुसऱ्या संघात तो १९ वा होता, पाच गुण. २०२० ला प्रेमात आला आणि शेवटच्या सकाळपर्यंत चषकाच्या शर्यतीत होता. मुलगा तोच, चासी तीच. आता यात किती वाटा संघाचा आणि किती त्याच्या वाढलेल्या वयाचा, हे मला वेगळं काढता येणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, कार्टिंग करतो. त्या हंगामातले पहिले तिघं पुढे कुठे पोचले? यात पैसा घालावा की नको?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. तुमचा मुलगा मी पाहिलेला नाही आणि तुमचं पासबुकही.

पहिल्याचं देतो. फॉर्म्युला वनसाठी सुपर लायसन्स लागतं आणि त्यासाठी तीन वर्षांत ४० गुण. हा गुणांचा हिशेब वेगळा, शर्यतीतल्या गुणांशी त्याचा संबंध नाही. फॉर्म्युला थ्रीच्या चॅम्पियनला ३०, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला २०. पियास्त्री पुढच्याच वर्षी फॉर्म्युला टू, म्हणजे मधली पायरी, जिंकला, आणि तरी २०२२ मध्ये त्याला जागा नव्हती. वर्षभर राखीव म्हणून बसला, २०२३ ला मॅक्लारेनमध्ये आला आणि २०२४ ला हंगेरीत पहिला विजय मिळवला. पुर्शेर त्या मुजेल्लोच्या दिवशी जेमतेम सतरा वर्षांचा होता. तोही २०२३ ला फॉर्म्युला टूचा चॅम्पियन झाला, पण त्यापाठोपाठ फॉर्म्युला वनमधली जागा काही त्याच्यासाठी उघडली नाही.

आणि सार्जंट? तिसरा येऊनही वर जायला पैसे पुरेनात, म्हणून २०२१ ला तो त्याच वर्गात परत उतरला, चारूझ नावाच्या लहान संघात. तिथे सोचीला जिंकला. मग विल्यम्सने हात दिला, २०२३ ला तो फॉर्म्युला वनमध्ये पोचला, आणि २०२४ च्या हंगामात मध्यावरच त्याची जागा दुसऱ्याला दिली गेली. त्या तिघांमधले चार गुण आणि पुढची ही वाटचाल शेजारी-शेजारी ठेवून पाहा. मला तरी त्यात काही सूत्र सापडलं नाही.

प्रश्न : मुलींची शर्यत वेगळी असते का? मी नववीत आहे.

या वर्गात नाही, सगळे एकाच ग्रिडवर. २०२० च्या हंगामात सोफिया फ्लॉर्श होती. २०१८ ला मकाऊत तिची गाडी हवेत उडून कुंपणापलीकडे गेली होती आणि मणक्याचं हाड मोडलं होतं. २०२० ला ती कॅम्पोस संघाच्या गाडीत होती. त्या वर्षी तिला एकही गुण मिळाला नाही. २०२३ ला बेल्जियममधल्या स्पाला ती सातवी आली आणि या स्पर्धेत गुण मिळवणारी पहिली स्त्री ठरली. २०२० ला त्याच कॅम्पोस संघात तिच्या शेजारच्या गाडीत अलेक्स पेरोनी होता. २०१९ ला मोन्झाला वळणाबाहेरच्या कडेच्या उंचवट्यावरून त्याचीही गाडी उडाली होती, मणक्याला इजा झाली होती. तो उंचवटा नंतर काढून टाकला. दोन मोडलेले मणके एका गॅरेजमध्ये, असं दुसरीकडे पाहिल्याचं मला आठवत नाही.

प्रश्न : भाच्याबरोबरच्या पैजेचं काय झालं?

तो हरला. ठरलेलं असं होतं, की हरणाऱ्याने दोन महिने दुसऱ्याची सायकल पुसायची. आठवडाभर त्याने पुसली. मग म्हणाला, "मामा, टक्कर झाली, ती हार धरत नाहीत." आता दोन्ही सायकली मीच पुसतो.