चॅरिटी प्रदर्शनासाठी फायबरच्या हत्तीवर दिलेला ॲक्रिलिक रंग पापुद्र्यासारखा का सुटतो?

बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, साच्यातून मूर्ती सुटावी म्हणून लावलेल्या मेणाचा असतो. 2018 मध्ये मुंबईत झालेल्या एलिफंट परेडसारख्या, रंगवलेल्या हत्तींच्या प्रदर्शनात मूर्ती उघड्यावर राहते, लोक हात लावतात. तिथे हे मेण लगेच नडतं.

आधी साबणाच्या पाण्याने धुवा, थिनरच्या फडक्याने पुसा, मगच 320 नंबरचा पॉलिश पेपर मारा. उलट केलंत तर मेण ओरखड्यांत बसतं. कानामागे, पोटाखाली पेपर नीट न लागल्याने चकाकी राहते, तिथूनच रंग सुटतो. मग इपॉक्सी प्रायमरचे (रंगाला पकड देणाऱ्या अस्तराचे) दोन पातळ हात.

ॲक्रिलिक नीट सुकल्यावर टू-पॅक पीयू क्लिअरचे (दोन भाग मिसळून वापरायच्या पारदर्शक पॉलियुरेथेन लेपाचे) तीन हात स्प्रेने द्या. पहिला अगदी हलका, नाहीतर मार्करने काही रेखाटलं असेल तर त्याची शाई पसरते. यातला हार्डनर, म्हणजे लेप कडक करणारा भाग, फुफ्फुसांना घातक; साधा कापडी मास्क अजिबात चालणार नाही.